अश्लीलता, कायदा आणि माहितीपटाची साक्ष

मुंबईतील वेश्यावस्तीची एक गल्ली. दारा-खिडक्यांशी ग्राहकाची वाट पाहत बसलेल्या स्त्रिया. त्यांपैकी काहींचे कपडे त्या काळाच्या मानाने आखूड. जे घडते ते केवळ सूचनेपुरते. पडद्यावर प्रत्यक्ष काहीच दिसत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' या कृष्णधवल लघुमाहितीपटातील हे दृश्य काही क्षणांचे आहे. परंतु या काही क्षणांसाठी झालेला न्यायालयीन लढा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत पोहोचला आणि भारतातील चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाचा कायदा त्यातून घडला.

अश्लील साहित्य व चित्रपट यांविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना जाते. एकीकडे संस्कृतीरक्षणाचा आग्रह, तर दुसरीकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. या दोन्ही बाजूंना एक गोष्ट क्वचितच आठवते. ती म्हणजे चित्रात दिसणारी व्यक्ती. प्रतिमेतील स्त्रीचे काय झाले, तिची संमती होती काय, मोबदला कोणाला मिळाला, हे प्रश्न कायद्याने फार उशिरा विचारले. माहितीपटकारांनी ते आधी विचारले आणि त्याबद्दल त्यांनाच अश्लीलतेच्या आरोपाला तोंड द्यावे लागले. या विषयाचा वारसा तपासायचा तर सुरुवात इथूनच करणे योग्य ठरेल.

अब्बास यांचा खटला

पानिपतमध्ये १९१४ साली जन्मलेले आणि पुढे मुंबईचेच झालेले अब्बास हे पत्रकार, कथाकार आणि चित्रपट दिग्दर्शक होते. कोलकाता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील श्रीमंतांचे विलासी जीवन आणि ती शहरे ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली त्यांचे दारिद्र्य, हा विरोध दाखवणे हा त्यांच्या माहितीपटाचा उद्देश होता. त्यांनी सर्वांसाठी खुल्या प्रदर्शनाचे, म्हणजे 'यू' प्रमाणपत्र मागितले. मंडळाने केवळ प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र देऊ केले. अब्बास यांनी केंद्र सरकारकडे अपील केले, तेव्हा वेश्यावस्तीची दृश्ये कापल्यास 'यू' देऊ, असे उत्तर मिळाले. कापायच्या दृश्यांच्या वर्णनात स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराबरोबरच आर्थिक शोषणाचाही उल्लेख होता. शोषण दाखवणारे दृश्य शोषण दाखवते म्हणून कापावे, यातली विसंगती कोणाच्या लक्षात आली नसावी.

अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. सुनावणीच्या ओघात सरकारने अचानक माघार घेऊन कोणत्याही काटछाटीशिवाय 'यू' देण्याची तयारी दर्शवली. एखादा व्यवहारी निर्माता येथेच थांबला असता. अब्बास थांबले नाहीत. त्यांनी याचिकेत दुरुस्ती करून पूर्वपरीक्षणाच्या पद्धतीलाच आव्हान दिले.

२४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी दिलेला निकाल अब्बास यांच्यासाठी निम्मा विजय व निम्मा पराभव होता. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. चलच्चित्राचा प्रेक्षकाच्या मनावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र असतो, हा त्यामागचा युक्तिवाद होता. मात्र लैंगिकता आणि अश्लीलता एकच नव्हेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. कलात्मक काय व निव्वळ अश्लील काय, यांतला भेद करण्याची कसोटी नियमांत नाही, हा दोष त्याने दाखवून दिला. निर्णयाला कालमर्यादा असावी आणि सरकारऐवजी स्वतंत्र न्यायिक यंत्रणेकडे दाद मागता यावी, ही मागणीही याच खटल्यात पुढे आली. १९८१ च्या दुरुस्ती कायद्याने अपील न्यायाधिकरणाची तरतूद झाली आणि १९८३ पासून ते काम करू लागले. एप्रिल २०२१ मध्ये अध्यादेशाने हे न्यायाधिकरण बरखास्त करण्यात आले. तेव्हापासून मंडळाच्या निर्णयाविरुद्ध निर्मात्याला थेट उच्च न्यायालयातच जावे लागते. मोठ्या चित्रपटसंस्थेला हा खर्च झेपतो. उसन्या कॅमेऱ्यावर वर्ष-दोन वर्षे काम करणाऱ्या माहितीपटकाराला तो झेपेलच असे नाही.

मराठी वाचकाला परिचित असलेले खटले

अब्बास यांच्या आधीचा इतिहासही प्रामुख्याने मुंबई आणि पुण्याचाच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक संततिनियमन व लैंगिक शिक्षण या विषयांना वाहिलेले होते. त्यासाठी १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ मधील दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. तो खटलाही कर्वे हरले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणे हाच त्या खटल्यात अपराध ठरला होता, हे आज वाचताना अविश्वसनीय वाटते. १९५३ साली कर्वे यांचे निधन झाले आणि मासिकही त्याच वर्षी थांबले. त्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट केला, तर या खटल्यांवर अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अलीकडच्या वर्षांत रंगभूमीवर आले.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईच्या 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानाचा. दुकानाचे एक भागीदार रणजित उदेशी यांच्यावर डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीच्या विक्रीबद्दल खटला झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली आणि इंग्लंडमधील १८६८ सालची 'हिकलिन कसोटी' भारतात मान्य केली. ज्यांचे मन अशा प्रभावाला बळी पडण्याजोगे आहे, त्यांना हा मजकूर बिघडवील काय, एवढाच या कसोटीचा प्रश्न. गंमत अशी, की जिथे ही कसोटी जन्मली त्या इंग्लंडमध्ये १९५९ साली नवा कायदा झाला होता आणि याच कादंबरीच्या प्रकाशकाची १९६० मध्ये निर्दोष मुक्तता झाली होती. लंडनच्या पुस्तकालयात जे उघडपणे मिळत होते, ते मुंबईच्या पदपथावर विकणे मात्र गुन्हा राहिला.

त्यानंतर पाचच वर्षांनी चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा सर्वोच्च न्यायालयापुढे आली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती प्रसिद्ध झाली होती. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या काकोडकरांना १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. कथेचे वाङ्मयीन मूल्य फारसे नाही, परंतु समग्र वाचता ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कथा सामान्य असणे हा गुन्हा नव्हे, हे एका सामान्य कथेमुळे प्रस्थापित झाले. दिवाळी अंकांच्या इतिहासात या घटनेची नोंद असावयास हवी, ती सहसा नसते.

या साऱ्या निकालांत एक साम्य आहे. न्यायालय प्रत्येक वेळी वाचकाच्या मनाचा विचार करते. तो बिघडेल काय, सामान्य वाचक कोणता, त्याचे वय काय? पुस्तकाच्या बाबतीत हे एक वेळ ठीक आहे, कारण चॅटर्लीबाई आणि श्यामा या कागदावरच्या स्त्रिया आहेत. कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी स्त्री कागदावरची नसते. कायदा मात्र दीर्घकाळ दोघींना एकाच मापाने मोजत राहिला.

दूरदर्शन आणि 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध'

आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा माहितीपट १९९५ चा. पुरुषी वर्चस्वाची कल्पना आणि जमातवादी हिंसाचार यांतील नाते तो शोधतो. त्याच्या दोन भागांपैकी पहिल्याचे नाव 'अग्निपरीक्षा', दुसऱ्याचे 'हीरो फार्मसी'. दुसऱ्या भागात पदपथावर मर्दानगीची औषधे विकणारे विक्रेते येतात. भोवती जमलेला पुरुषांचा घोळका, विक्रेत्याचे रसभरित भाषण आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावरची उत्सुकता व लाज यांचे मिश्रण, हे सारे आपण कुठल्याही मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर पाहिलेले असते. लैंगिक अज्ञानावर चालणारा हा बाजार आणि दंगलीतला पुरुषार्थ यांना एका धाग्यात ओवणे, हे या चित्रपटाचे खरे धाडस. परीक्षण मंडळाने पहिल्या भागाला 'यू', तर दुसऱ्याला 'ए' प्रमाणपत्र दिले.

राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा माहितीपट दाखवण्यास दूरदर्शनने नकार दिला. सामाजिक तणाव वाढेल आणि 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट सार्वजनिक वाहिनीवर दाखवता येणार नाही, या त्याच्या प्रमुख हरकती होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने पटवर्धन यांच्या बाजूने निकाल दिला, दूरदर्शनने त्याविरुद्ध अपील केले आणि २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळून आठ आठवड्यांच्या आत प्रक्षेपण करण्याचा आदेश दिला. चित्रपट तयार झाल्यापासून तोपर्यंत अकरा वर्षे उलटली होती.

या निकालपत्रातील अश्लीलतेविषयीची चर्चा विशेष महत्त्वाची आहे. सुटे दृश्य उचलून निर्णय देता येणार नाही, कलाकृती समग्रपणे पाहावी लागेल आणि समकालीन समाजातील सर्वसाधारण व्यक्तीची दृष्टी प्रमाण मानावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. हिंसा किंवा लैंगिकता दाखवणे आणि तिचा पुरस्कार करणे यांत फरक आहे. दिग्दर्शक एखाद्या दुष्प्रवृत्तीचे चित्रण तिच्यावर टीका करण्यासाठी करू शकतो. अब्बास यांचे म्हणणेही छत्तीस वर्षांपूर्वी हेच होते.

सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या दृष्टीने हा निकाल सुखावह नव्हता, हे येथे मान्य केलेच पाहिजे. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या वाहिनीने कोणाच्या मनाची काळजी करायची? पहिल्याच आक्षेपाने दुखावणाऱ्या प्रेक्षकाच्या, की विचार करू शकणाऱ्या प्रेक्षकाच्या? दूरदर्शनने आपला प्रेक्षक पहिल्या प्रकारचा आहे, असे न्यायालयात वर्षानुवर्षे सांगितले. प्रेक्षकाविषयी याहून कमी आदराचे विधान शोधणे कठीण आहे.

निकालाच्या आधी दोनच वर्षे मुंबईत माहितीपटकारांची आणखी एक लढाई झाली होती. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना परीक्षण प्रमाणपत्राची सक्ती करण्याचा प्रयत्न झाला. विरोधानंतर ती अट मागे घेतली गेली. तरीही अनेक चित्रपट निवडीतून बाहेर राहिले आणि त्यांच्या कर्त्यांनी 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला.

पडद्यावरची व्यक्ती

अश्लील चित्रपटांच्या धंद्यावरच माहितीपट काढण्याचे प्रयत्न पाश्चात्त्य देशांत आधी झाले. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी बॉनी शेर क्लाइन यांनी १९८१ मध्ये केलेला 'नॉट अ लव्ह स्टोरी' हा त्यांतला सर्वांत गाजलेला. दिग्दर्शिका आणि नग्ननृत्य करणारी लिंडा ली ट्रेसी या दोघी मिळून हा धंदा समजून घेत हिंडतात, असे त्याचे स्वरूप. अश्लील साहित्याला विरोध करणारा हा चित्रपट ओंटारिओ प्रांताच्या परीक्षण मंडळाने सार्वजनिक प्रदर्शनास अयोग्य ठरवला. मुंबईत अब्बास यांच्या वाट्याला आलेला अनुभव टोरांटोतही आला म्हणायचा. पुढे ट्रेसी यांनी या चित्रपटातील आपल्या चित्रणाविषयी नाराजी व्यक्त केली. उपयोग करून घेतला जाण्याची तक्रार केवळ धंदेवाईक छायाचित्रकाराविरुद्ध असते असे नाही, सहृदय दिग्दर्शकाविरुद्धही असू शकते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बटलर खटल्यात अश्लीलतेचा पाया नीतीवरून काढून हानीवर ठेवला. त्या निर्णयाचा समलिंगी व्यक्तींच्या पुस्तकालयांना पुढे त्रास झाला, हा भाग वेगळा.

२००५ चा 'इनसाइड डीप थ्रोट' याहून भिन्न प्रकृतीचा. सुमारे पंचवीस हजार डॉलर खर्चून १९७२ मध्ये काढलेल्या एका चित्रपटाने अमेरिकेत खटल्यांची मालिका कशी घडवली, याची ही कथा. त्यातील नट हॅरी रीम्स यांना मेंफिसच्या न्यायालयाने १९७६ मध्ये दोषी ठरवले. पुढे तो निकाल टिकला नाही. माहितीपट चुरचुरीत आहे, परंतु त्याच्या केंद्रस्थानी दिग्दर्शक, वकील, गुंड आणि राजकारणी आहेत. नायिका लिंडा लव्हलेस यांनी १९८० च्या आत्मकथनात आपल्याकडून हे काम पतीने मारहाण व धाक दाखवून करवून घेतल्याचे सांगितले होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्याने त्यांची बाजू जुन्या मुलाखतींच्या तुकड्यांतूनच येते. ज्या खटल्यांना स्वातंत्र्याचे खटले म्हणून इतिहासात स्थान मिळाले, त्यांत या स्त्रीच्या संमतीचा प्रश्न एकाही न्यायाधीशापुढे नव्हता.

आपल्याकडे २०२३ मध्ये आलेली 'सिनेमा मरते दम तक' ही माहितीपट मालिका मुंबईच्या दुय्यम दर्जाच्या चित्रपटसृष्टीत शिरते. नव्वदच्या दशकात अशा चित्रपटांच्या रिळांत, परीक्षण मंडळाने न पाहिलेले तुकडे चित्रपटगृहात मध्येच जोडले जात. परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र एका चित्रपटाला आणि प्रेक्षकाला दिसतो दुसराच! मालिकेत त्या काळचे चार दिग्दर्शक पुन्हा चित्रपट करू लागतात. ते मनमोकळे, विनोदी आणि बरेचसे करुण आहेत. त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो, हे मालिकेचे यश. त्या तुकड्यांतील स्त्रियांनी मात्र पुन्हा कॅमेऱ्यापुढे यायचे कशासाठी? या इतिहासाचा तो अर्धा भाग बहुधा न सांगितलेलाच राहील.

महाराष्ट्राला याची कारणे शोधायला दूर जाण्याची गरज नाही. १९९४ मध्ये जळगावात उघडकीस आलेल्या प्रकरणात मुलींची छायाचित्रे हेच त्यांना धमकावण्याचे साधन होते. बदनामीच्या भीतीने साक्षीला उभे राहणे अनेकींना शक्य झाले नाही. आधी छायाचित्राने आणि मग न्यायालयात त्या छायाचित्राविषयी बोलावे लागण्याच्या धाकाने, असा दुहेरी फास त्यांच्याभोवती पडला.

कायद्याची दिशा कशी बदलली

२००४ च्या अखेरीस दिल्लीतील दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांची भ्रमणध्वनीवरची चित्रफीत 'बाझी डॉट कॉम' या संकेतस्थळावर विक्रीस ठेवली गेली आणि संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. त्या वेळची चर्चा आज आठवून पाहावी. मध्यस्थ कंपनीची जबाबदारी किती, यावर पुष्कळ लिहिले गेले. विद्यार्थ्यांच्या वर्तनावर त्याहून अधिक लिहिले गेले. ती चित्रफीत पसरवणाऱ्या आणि पाहणाऱ्या हजारोंवर जवळजवळ काहीच नाही. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण, लैंगिक कृत्याचे प्रसारण आणि बालकांचे चित्रण यांसाठी स्वतंत्र कलमे आली. २०१२ मध्ये 'पॉक्सो' कायदा झाला. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने चोरून चित्रण करणे हा स्त्रीविरुद्धचा गुन्हा ठरला. यांतली प्रत्येक तरतूद प्रथमच चित्रातल्या व्यक्तीच्या बाजूने विचार करते.

हिकलिन कसोटीचा निरोप २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात झाला. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचे वर्णद्वेषाविरुद्धचे एक छायाचित्र पुनर्मुद्रित केल्याबद्दल सुरू झालेला हा खटला वीस वर्षे चालला. परंतु पुढच्याच वर्षी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणी, ऐतिहासिक थोर व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना समाजाची कसोटी अधिक कडक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कवीवरील खटला चालू ठेवण्यात आला. म्हणजे प्रेक्षकाच्या मनाची चिंता पूर्णपणे गेलेली नाही. तिने केवळ पेहराव बदलला. २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात मात्र शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, असा निर्वाळा मिळाला.

सरकारी उपायांची तऱ्हा निराळी. २०१५ च्या जुलैअखेर ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला आणि टीका होताच काही दिवसांत तो बराचसा मागे घेण्यात आला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा शेकडो संकेतस्थळे रोखली गेली. पर्यायी पत्ते त्याच आठवड्यात फिरू लागले. घाऊक बंदीत संमतीने केलेले चित्रण आणि सूड म्हणून पसरवलेली एखाद्या मुलीची चित्रफीत यांत फरकच केला जात नाही. त्या मुलीला हवे असते ते वेगळेच, म्हणजे तिची विशिष्ट चित्रफीत तातडीने हटवली जाणे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारीवर २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. सारा गाजावाजा बंदीचा झाला आणि उपयोगाची तरतूद ही ठरली.

या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण बदल एका शब्दाचा आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने मुलांच्या संदर्भात 'पोर्नोग्राफी' हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, असे सांगितले. त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य, असा शब्दप्रयोग करावा, असा त्यांचा आदेश आहे. जुना शब्द पाहणाऱ्याच्या उत्तेजनाविषयी बोलतो, नवा शब्द मुलावर काय घडले ते सांगतो.

प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत असा शब्द अजून कायद्याच्या मुख्य तरतुदीत आलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमाने जुन्या २९२ व्या कलमातील व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे. 'चार शहर एक कहानी'मधील त्या गल्लीतील दृश्य आज एखाद्या माहितीपटकाराने पुन्हा चित्रित केले, तर त्याला प्रथम विचारला जाणारा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनाविषयीचाच असेल.